नावलौकिकाची ठेव

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीवर एक मुलगी सहा वर्षे हिशेबाचे काम पाहत होती. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती लागली, तेव्हा तिच्याकडे केवळ आवक-जावकीची नोंद होती. पुढे सौद्यांच्या पट्ट्या, शेतकऱ्यांची देणी, खरेदीदारांची येणी, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेची कामे असे सारे हळूहळू तिच्या टेबलावर आले. पेढीच्या मालकांना अवघे यार्ड आप्पा म्हणे. तीही आप्पाच म्हणे. दोन्ही घरे एकाच जिनमंदिरात दर्शनाला जाणारी. पर्वाच्या दिवसांत आप्पांच्या घरचा अभिषेकाचा मान असे आणि या मुलीची आज्जी स्वाध्यायाच्या पहिल्या रांगेत बसे.

एप्रिलच्या मध्यावर तिने नोकरी सोडली. कोल्हापूरच्या एका कारखान्यात लेखा विभागात निवड झाल्याचे तिला तोंडी कळविण्यात आले होते. तीन वर्षे पगार वाढला नव्हता, म्हणून तिने आठ दिवसांची सूचना देऊन आप्पांचा निरोप घेतला. आप्पांनी मान हलविली, पण ते काही बोलले नाहीत. पुढच्याच आठवड्यात कोल्हापूरचे नियुक्तिपत्र यायचे थांबले. आणखी दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. दोन्हीकडे आधी उत्साह, मग मौन. अखेर कोल्हापूरच्या त्या कारखान्यातील एका वयस्क अधिकाऱ्याने फोनवर संकोचाने सांगितले, “ताई, तुमच्या आधीच्या ठिकाणाहून नीट बोललं गेलं नाही.” नेमके काय बोलले गेले, हे तिने विचारले. उत्तर आले ते असे : “हुशार आहे, कामाला वाघ आहे. पण... जाऊ द्या, मी कशाला बोलू? तुमचं तुम्ही बघा.”

या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. शिवी नाही, आरोप नाही. तरीही एका ‘पण’ने आणि त्यानंतरच्या थांबण्याने सहा वर्षांचे काम पुसले गेले. माणूस हिशेबाचा असला की न बोललेला दोष ऐकणारा पैशाचाच समजतो. नोकरी देणाऱ्याने तिजोरीची किल्ली कुणाच्या हाती द्यायची हे ठरवायचे असते. तो अर्धवट वाक्याचा उरलेला भाग आपल्या भीतीने पुरा करतो.

घरी त्या रात्री तीन मते निघाली. वडील म्हणाले, उद्या सकाळी मंदिरातच, चारचौघांत आप्पांना विचारतो. काकांनी व्यवहाराचा तोडगा काढला. “माझ्या ट्रान्सपोर्टच्या लेटरहेडवर सहा वर्षांचं अनुभवपत्र देतो. फोन आला तर मीच उचलणार. आप्पांचं नावच कशाला सांगायचं?”

आज्जी जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, “ते कूटलेख झालं की रे.”

“आई, सगळेच करतात.”

“सगळे करतात म्हणून तर त्याला नाव आहे.” मग ती मोठ्या मुलाकडे वळली. “आणि तू चारचौघांत विचारलंस, तर आप्पा उत्तर देणार नाहीत, स्वतःला राखणार. जिथं माणसाला हरायची लाज वाटते, तिथं त्याला काही विचारू नये.”

आज्जीने उच्चारलेला शब्द तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील आहे. गृहस्थाच्या सत्य अणुव्रताला ज्या पाच अतिचारांचा धोका सांगितला आहे, त्यांत खोटा लेख तयार करणे, म्हणजे कूटलेखक्रिया, हा एक. काकांच्या तोडग्याला धर्माचा हा अडसर होताच, पण व्यवहारातही तो तोडगा तकलादू होता. मुलीचा सहा वर्षांचा पगार पेढीच्या खात्यावरून तिच्या बँकेत जमा झालेला होता. नव्या मालकाने पासबुक मागितले असते, तर पहिल्याच पानावर पेढीचे नाव निघाले असते. आप्पांच्या ‘पण’ला आजवर काही पुरावा नव्हता, काकांच्या पत्राने तो पुरावा घरातूनच पुरविला असता.

त्याच पाच अतिचारांत ‘न्यासापहार’ हाही आहे. न्यास म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव. ठेव बुडविणे ही वरवर पाहता चोरी वाटते. मग तिची गणना अचौर्याऐवजी सत्यव्रताच्या अतिचारांत का केली असावी? पूज्यपादाचार्यांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत याचे मोठे मार्मिक स्पष्टीकरण येते. ठेवणाऱ्याला आपल्या ठेवीची संख्या आठवत नाही, तो कमी मागतो, आणि सांभाळणारा ‘हो, तेवढीच होती’ असे म्हणून तेवढीच परत करतो, हा न्यासापहार. येथे सांभाळणाऱ्याने हात लांबवून काही घेतलेले नाही. त्याने फक्त कमी असलेल्या आकड्याला होकार दिला. दोष वाणीचा आहे, म्हणून तो सत्यव्रतात येतो.

नोकरीत माणूस पगार घेतो, त्याचा हिशेब दर महिन्याला मिटतो. त्याच्याबरोबर जे साठत जाते, म्हणजे वेळेवर येणे, हंगामात रात्री नऊपर्यंत थांबणे, रोकड पैशापैशाने जुळविणे, चूक झाली तर लपवून न ठेवणे, त्याचा नावलौकिक मालकाच्याच मनात जमा होतो. तो नोकराला दिसत नाही, मोजता येत नाही, खिशात घालून नेता येत नाही. नव्या दारात उभे राहताना तो जुन्या मालकाकडून मागून घ्यावा लागतो. अशा वेळी सहा वर्षांच्या ठेवीपैकी एक ‘पण’ तेवढा परत करणे, हे त्या टीकेतील सांभाळणाऱ्यापेक्षा फार वेगळे नव्हे.

तरीही दुसरी बाजू पाहिल्याशिवाय निवाडा करणे अनेकांताच्या घरात शोभत नाही. आज्जीने नातीला एकच प्रश्न विचारला, “बाळ, त्या ‘पण’च्या पुढं खरं असं काही होतं का?” मुलीने प्रामाणिकपणे आठविले. फेब्रुवारी ते मे हा हळदीच्या आवकेचा काळ. ऐन हंगामात, केवळ आठ दिवसांच्या सूचनेवर ती निघाली होती. मार्चअखेरची गोदामाची नोंदवही जुळवायची राहिली होती आणि तिच्यात काही पोत्यांचा फरक दिसत होता. हे तिने जाताना सांगितलेही नव्हते. आप्पांच्या मनात राग होता, आणि त्या रागाला बसायला एक खरी जागाही होती.

दुखावलेल्या उमेदवाराला हा प्रश्न कडू वाटतो, पण त्याच्या उत्तरावर पुढची वाट ठरते. दोष खरा असेल तर तो आधी भरून काढावा. दोष खरा नसेल तर तो नेमका कोणता सांगितला जातो, हे कळून घ्यावे. ते कळून घेण्यासाठी मित्राला खोटा मालक बनवून फोन करायला लावण्याची युक्ती पुष्कळदा सुचविली जाते. ती माया आहे, आणि बाजारपेठ लहान असली की आवाज ओळखला जातो. सरळ मार्ग असा की, ज्याने नकार दिला त्याला सौजन्याने विचारावे आणि मग जुन्या मालकाला समक्ष भेटावे.

मुलगी एकटीच गेली. सौदे संपल्यावर, दुपारी, पेढीवर गर्दी नसताना. जाण्यापूर्वी फोन करून वेळ मागितली.

“आप्पा, मी तारीफ मागायला आले नाही. आठ दिवसांत गेले, ते चुकलं. गोदामाची वही राहिली, तीही चूक माझीच. दोन रविवार येऊन पुरी करून देते.”

आप्पा हातातल्या पावत्या चाळत राहिले.

“आणि पैशात माझ्या हातून काही झालं असेल तर मला सांगा. मला कळायला हवं.”

“पैशाचं कोण म्हणालं?” आप्पांनी मान वर केली.

“कुणी म्हणालं नाही. पण तुम्ही ‘पण’ म्हणून थांबलात, आणि ऐकणाऱ्यानं ते पैशाचंच धरलं.”

आप्पा बराच वेळ गप्प होते. “रविवारी दहाला ये. किल्ली माणसाकडं असेल,” एवढेच ते म्हणाले.

दोन रविवारांत वही जुळली. पोत्यांचा फरक म्हणजे एक पावती दोन महिन्यांत दोनदा चढविली गेली होती. चूक तिचीच होती; तिने ती लाल शाईने दुरुस्त करून खाली सही केली. जाताना तिने तयार करून आणलेला मसुदा पुढे ठेवला. त्यात कौतुकाचा शब्द नव्हता. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या पेढीवर हिशेबनीस म्हणून काम केले, कामात खतावणी, जीएसटी विवरणपत्रे व बँकेचे व्यवहार यांचा समावेश होता, पेढीचे कोणतेही येणे बाकी नाही,’ एवढ्या तीन ओळी. आप्पांनी तिसरी ओळ दोनदा वाचली आणि शिक्का मारला.

असे पत्र मागताना हीच मर्यादा हिताची असते. रुसलेल्या माणसाकडे स्तुती मागितली तर तो सारेच नाकारतो. केवळ वस्तुस्थिती मागितली तर नकार देण्याला कारण उरत नाही. ‘येणे बाकी नाही’ हे शब्द विशेष महत्त्वाचे, कारण तोंडी संशयाला लेखी उत्तर तेवढेच असते.

आणि समजा, आप्पांनी शिक्का मारलाच नसता तर? तरीही वाट बंद होत नाही. काम केल्याचा पुरावा एकट्या मालकाच्या हाती नसतो. पगार जमा झाल्याची बँकेची नोंद असते. नियुक्तिपत्र व पगारपत्रके असतात. करकपात होत असेल तर फॉर्म १६ असतो. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो; तेथे ‘यूएएन’ क्रमांकाखालील पासबुकात प्रत्येक महिन्याची वर्गणी दिसते. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने नोंदविली नाही म्हणून पूर्वी अनेकांचे काम अडत असे. २०२० पासून सदस्याला दोन महिन्यांनंतर ती स्वतः ऑनलाइन नोंदविता येते. या मुलीच्या पेढीवर माणसे आठच असल्याने तसे खाते नव्हते. तिने सहा वर्षांच्या पासबुकाच्या प्रती मात्र तारीखवार लावून ठेवल्या.

दुसरा आधार माणसांचा. मालकाशिवाय आणखी कितीजणांनी काम जवळून पाहिलेले असते! पेढीची विवरणपत्रे तपासणारे सनदी लेखापाल, बँकेच्या शाखेतील अधिकारी, तिला खतावणी शिकविणारे व आता निवृत्त झालेले दिवाणजी, अशा तिघांना तिने प्रत्यक्ष भेटून विचारले, ‘माझ्याविषयी विचारणा झाली तर आपले नाव देऊ का?’ न विचारता कुणाचे नाव देणे हे सौजन्याला धरून नाही. शिवाय गाफील माणूस फोनवर चाचरतो आणि त्या चाचरण्याचाही अर्थ लावला जातो. बँकेच्या अधिकाऱ्यांनी नियमांकडे बोट दाखवून नकार दिला. तिने त्यांचे आभार मानले. उरलेल्या दोघांनी आनंदाने होकार दिला.

तिसरी गोष्ट मुलाखतीतील वाणीची. जुन्या मालकाविषयी प्रश्न यायची वाट न पाहता तिने स्वतःच सांगायचे ठरविले, तेही चार वाक्यांत : ‘मी हंगामात कमी सूचना देऊन निघाले, त्यामुळे मालक नाराज झाले. राहिलेले काम मी नंतर पूर्ण करून दिले आहे. त्यांचे पत्र सोबत आहे. माझ्या कामाची माहिती असलेल्या आणखी दोघांची नावे दिली आहेत.’ येथे थांबायचे. पगार वाढविला नाही, रविवारी बोलावीत, अपमान करीत, हे खरे असले तरी त्या खुर्चीत सांगायचे नसते. ऐकणारा मनात म्हणतो, उद्या ही माझ्याविषयीही असेच बोलेल. श्वेतांबर परंपरेतील अठरा पापस्थानकांत अभ्याख्यान, पैशुन्य आणि परपरिवाद ही तिन्ही येतात : खोटा आळ, चहाडी आणि परनिंदा. पहिल्या दोहोंचा बळी झालेला माणूस रागाच्या भरात तिसऱ्यात सहज उतरतो.

कायद्याचा आधार कितपत? मोठ्या कारखान्यांसाठी १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श आदेशांत कायम कामगाराला सेवासमाप्तीच्या वेळी सेवेचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद घालण्यात आली होती. लहान पेढ्या त्या कक्षेत येत नव्हत्या. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होता, तो आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. मात्र आपल्या वा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला त्यात अपवाद आहे, आणि फोनवरील अर्ध्या वाक्याचा साक्षीदार कोण होणार? चोरी, अफरातफर असा उघड व खोटा आळ कुणी घेत असेल, तर वकिलामार्फत नोटीस देणे हे कर्तव्यच ठरते. अहिंसा म्हणजे अन्याय मुकाट गिळणे नव्हे. नुसत्या रुसव्यासाठी मात्र कोर्टाची पायरी चढल्याने नोकरी मिळत नाही.

या मासिकाच्या वाचकांत नोकरी शोधणारी मुले आहेत, तशीच पेढ्या, दुकाने आणि कारखाने चालविणारी घरेही आहेत. कधी ना कधी असा फोन त्यांच्याकडेही येतो. अशा वेळी खोटी स्तुती करावी, असे कुणी म्हणणार नाही. अफरातफर केलेल्या माणसाला ‘उत्तम’ म्हणून दुसऱ्याच्या तिजोरीशी बसविणे हेही असत्यच, आणि त्याचे नुकसान एका निष्पाप व्यावसायिकाला सोसावे लागते. जर्मनीत मालकाने लिहून दिलेले प्रशस्तिपत्र सहृदय असावे असा दंडक आहे. परिणामी तेथे एक सांकेतिक भाषाच तयार झाली. ‘त्यांनी प्रयत्न केला’ असे छापले, की जाणकार ‘जमले नाही’ असे वाचतो. गोड शब्दांआड कडू अर्थ दडविण्याचा हा प्रकार आप्पांच्या ‘पण’चाच सख्खा भाऊ. इंग्लंडमध्ये १९९४ साली तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने एका विमा कंपनीच्या खटल्यात निर्णय दिला, की माजी कर्मचाऱ्याविषयी अभिप्राय देताना मालकाने योग्य ती काळजी घेतलीच पाहिजे. तेथील न्यायाधीशांना जे कायद्याने सांगावे लागले, ते येथे वाणीच्या व्रताने सांगून ठेवले आहे.

म्हणून फोन उचलल्यावर मनाशी तीन गोष्टी तपासाव्यात. सांगतो आहे ते स्वतः पाहिलेले आहे की ऐकीव? विचारलेल्या कामाशी त्याचा संबंध आहे की केवळ मनातल्या रागाशी? आणि तो माणूस या क्षणी समोर बसला असता, तर हेच शब्द उच्चारले असते का? तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तर दोषही स्पष्ट सांगावा : ‘काम चोख, रोकड चोख; जाताना सूचना कमी दिली, त्याचा आम्हाला त्रास झाला.’ आप्पांनी एवढे म्हटले असते, तर ते पूर्ण सत्य झाले असते आणि मुलीची नोकरीही बहुधा गेली नसती. ‘पण’ उच्चारला तर वाक्य पुरे करावे. वाक्य पुरे करता येत नसेल तर ‘पण’ उच्चारू नये.

जुलैच्या अखेरीस मिरजेच्या एका रुग्णालयाच्या लेखा विभागात तिला काम मिळाले. पगार कोल्हापूरपेक्षा कमी होता. ते नुकसान भरून निघाले नाही. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी लेखापालांना फोन केला, दिवाणजींना केला आणि आप्पांनाही केला. आप्पा काय म्हणाले, हे तिने विचारले नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. क्षमावाणीच्या दिवशी मंदिराच्या मंडपात आप्पा समोर आले, त्यांनी हात जोडले आणि ‘उत्तम क्षमा’ म्हटले. तिनेही हात जोडले. फोनचा विषय कुणी काढला नाही. आप्पा दोन पावले पुढे गेले, मग परत वळून आज्जीला म्हणाले, “वही एकदम नीट लावून दिली पोरीनं.” आसपास यार्डातले चार-पाच व्यापारी उभे होते. त्यांच्या वाक्याला पुढे ‘पण’ नव्हता.

ठेवीचा सारा आकडा त्या दिवशी परत आला, असे म्हणता येणार नाही. आज्जी मात्र घरी येताना म्हणाली, “मोजायला सुरुवात झाली म्हणायची.”